जुन्या चहाची पारख

नोकरीनिमित्त परदेशीं राहणारीं मुलें सुटींत घरीं येतांना कधीं कधीं कागदांत गुंडाळलेली, भाकरीसारखी वाटोळी व काळसर अशी एक वस्तु आणतात आणि सांगतात, "हा वीस वर्षांचा चहा आहे." सातारा-सांगलीकडील घरांत मग दोन पक्ष होतात. एक म्हणतो, शिळी वस्तु, फेकून द्या. दुसरा म्हणतो, इतकी जुनी व महाग, तेव्हां उत्तमच असली पाहिजे. आमच्या मतें दोघांनींहि चव घेण्यापूर्वींच निकाल दिला आहे.

ह्या चहाचें नांव पुएर. तो चीनच्या युन्नान प्रांतांतला. त्याचें मोठें पान आपल्या आसामी चहाच्याच जातीचें. पान कढईंत परतून, वळून, उन्हांत वाळवितात व वाफ देऊन दाबतात. प्रचलित वडी ३५७ ग्रॅमची असते. प्रकार दोन. कच्चा चहा वर्षानुवर्षें ठेवला असतां हवेच्या व सूक्ष्म जंतूंच्या योगानें हळूहळू पालटतो; कोंवळेपणींचा कडू-तुरटपणा ओसरून मृदुता येते. पक्क्या चहांत ओलसर पानांचे ढीग घालून तशाच तऱ्हेचा पालट कांहीं आठवड्यांत घडवितात. ही युक्ति १९७३ च्या सुमारास कुनमिंग येथें सिद्ध झाली.

साठवणीचें मर्म सांगलीकरांस नव्यानें सांगावयास नको. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळील हरिपूर येथें जमिनींत खोल पेवें खणून हळद साठवीत आणि ती वर्षानुवर्षें टिके. परंतु २००५ च्या महापुरांत पेवांत पाणी शिरलें व पुष्कळ पेवें निकामी झालीं. गुण केवळ काळाचा नव्हता. कोरड्या राखलेल्या पेवाचा होता. चहाचेंहि तसेंच. किंचित् दमट हवा त्यास मानवते; पण साताऱ्याच्या पावसाळ्यांत ओल्या भिंतीशीं ठेवल्यास बुरशी धरते, आणि मसाल्याच्या फडताळांत ठेवल्यास हिंगाचा वास लागतो.

आतां आस्वाद. लहान चिनी मातीच्या भांड्यांत ५ ग्रॅम चहा घालून उकळतें पाणी ओतावें व तें पहिलें पाणी टाकून द्यावें. मग १०० मिलिलिटर उकळतें पाणी घालून १०-१५ सेकंदांत गाळावें. दूध-साखर घालूं नये. त्याच पानांवर सात-आठ वेळां पाणी घालतां येतें. दर खेपेस थोडा अधिक वेळ द्यावा. प्रथम रंग पाहावा; गडद असला तरी तो स्वच्छ असावा. मग वास घ्यावा: भिजलेली माती, जुनें लाकूड, कधीं कापूर. घोट गिळल्यावर क्षणभर थांबावें, कारण चांगल्या चहाचा गोडवा घशांत मागाहून परततो. बुरशीचा वा कुबट वास आला, तर वडी कितीहि जुनी असो, ती पिऊं नये.

वेष्टनावरील वर्ष हा गुणाचा पुरावा नव्हे. साठेबाजीनें चीनमध्यें ह्या चहाचे भाव भरमसाट चढले आणि २००७ सालीं कोसळले. त्या खरेदीदारांपैकीं कितीकांनीं चहा घेतला आणि कितीकांनीं नुसतें वय?

म्हणून घरीं वडी आली, तर तिचें वर्ष आधीं कोणास सांगूं नये. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांस एकेक घोट द्यावा, काय लागलें तें विचारावें आणि मगच कागद वाचावा. आम्हां वृद्धांसहि हाच न्याय लागू आहे. वर्षें मोजून मान मागूं नये. कडूपणा ओसरला असेल, तर तें घरांतील मुलांस न सांगतांच कळतें.