सर्व्हर पाहिलाय कुणी?

वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसतोय, पण ज्या सर्व्हरवर आमचा सगळा संसार चालतो तो मी अजून पाहिलेला नाही. तो डाऊन असतो, एवढंच ठाऊक. पंढरीचा विठोबा निदान रांग लावली की दिसतो. सर्व्हरपायी आमच्यासमोर रोज रांग लागते, दर्शन मात्र नाही! आमच्या साहेबांनाही नाही. साहेबांच्या साहेबांना असेल, असा एक समज आहे.

हे सांगायचं कारण माझा भाचा. लालबागला आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहतो. जन्मापासून दृष्टी नाही. सर्व्हर सांभाळणं हा त्याचा पेशा. पहिल्या मुलाखतीला मी सोबत गेलो होतो. परळला, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत. तिघा साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, तोही मला!

"यांना सर्व्हर दिसणार कसा?"

भाचा म्हणाला, "सर, तुमचा सर्व्हर असतो कुठे?"

"ऐरोलीला."

"मग तुम्हाला इथून दिसतो का?"

नोकरी अर्थातच मिळाली नाही. साहेबाला उलट प्रश्न करायचा नसतो, हे बँकेतलं पहिलं शिक्षण मी त्याला द्यायला विसरलो होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला लावलं आहे. त्या कंपनीनेही केलं होतं. स्वागतकक्षात, फ्रेम करून, काचेमागे. उतरताना मी ते भाच्याला वाचून दाखवलं.

माझं भांडण आहे ते त्या "दिसणार कसा?"शी. अहो, लिनक्सच्या सर्व्हरला बहुधा पडदाच जोडलेला नसतो. डोळस माणूसही घरी बसून एसएसएचने जोडून घेतो, एका ओळीत हुकूम लिहितो आणि उत्तर ओळींतच येतं. चित्र नाही, माउस नाही. त्या ओळी तुम्ही डोळ्यांनी वाचता, भाचा कानांनी. स्क्रीन रीडर त्याला वाचून दाखवतो. त्याचा एनव्हीडीए फुकट मिळतो आणि तो २००६ मध्ये सुरू केला ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानेच. भाच्याने त्याचा वेग असा ठेवलाय की प्रथम मला वाटलं, खाली कुणाचा तरी रेडिओ बिघडलाय!

"पण हजारो ओळींची नोंद ऐकत बसायची?" असं मीही विचारलं. आम्ही खतावणीत चूक शोधतो ती पहिल्या पानापासून बोट फिरवत. हा 'ग्रेप' असा हुकूम टंकतो आणि ज्या ओळींत 'एरर' आहे तेवढ्याच पुढ्यात येतात. तेही रात्री, दिवा न लावता. बहिणीचं विजेचं बिल बघा एकदा.

बरं, हे नवल कालपरवाचंही नाही. पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. ते पवईच्या आयआयटीत शिकले, १९९४ मध्ये कॉर्नेलची पीएचडी घेतली, १९९५ मध्ये संगणकावरचं काम बोलून दाखवणारा ईमॅक्सपीक लिहिला, पुढे गूगलमध्ये गेले. परळहून पवई काही फार लांब नाही. पण साहेबांच्या कानावर अजून आलेलं दिसत नाही.

अडचणी नाहीत असं नाही. सर्व्हर सुरू होतानाच अडकला, तर दूरच्या कन्सोलवर त्याचा पडदा चित्र म्हणून येतो आणि स्क्रीन रीडर मुका होतो. त्यावर सिरियल कन्सोल हा उपाय आहे. त्यातून अक्षरं अक्षरं म्हणूनच येतात. पण तो आधीच लावून ठेवावा लागतो आणि लावायला कुणाला सुचावं लागतं! सर्व्हरची तब्येत दाखवणारी पानं बघा : लाल ठिपका, हिरवा ठिपका, शब्द एक नाही. शिवाय सध्याचे साहेब. (हो, दुसरीकडे लागला. नववी मुलाखत.) चुकीचा संदेश मुळात अक्षरांत आलेला असतो. साहेब मोबाइलने त्याचा फोटो काढून पाठवतात, खाली लिहितात, "बघ जरा."

आणि मी तरी कोण शहाणा? दहावीनंतर मीच त्याला म्हणालो होतो, टेलिफोन ऑपरेटर हो बाबा, आमच्या बँकेत अंधांना तेच देतात. त्याने ऐकलं नाही म्हणून दोन महिने बहिणीशी बोललो नव्हतो.

परवा रात्री अडीचला दार वाजलं. लॅपटॉप घेऊन भाचा उभा. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या साइटवर शिरायचं होतं आणि दारातच कॅप्चा. "मामा, तेवढी वाकडी अक्षरं वाच ना." आवाजी पर्याय असतो, तो ऐकला, त्यापेक्षा गर्दीच्या वेळची दादर स्टेशनची घोषणा स्पष्ट. मी चष्मा शोधेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्या खेपेला 'एस' होता की पाच, ते कळेना. तिसऱ्या खेपेला नऊ चौकोन आले, सिग्नल असलेले ओळखा! मी ओळखले. खांब धरायचा की नाही यावर घोटाळा झाला. डोळे शाबूत असलेल्या बी.कॉम. मामाला यंत्राने माणूस मानायला साफ नकार दिला.

"राहू दे मामा, झोप तू," भाचा म्हणाला, "मामीला उठवतो."