परिचारिकेच्या निर्णयाला केसपेपरवर जागा द्या



‘सिस्टरचे काम काय, डॉक्टरांनी लिहिलेले इंजेक्शन द्यायचे आणि चार्ट भरायचा,’ असे एखादा नातेवाईक म्हणतो तेव्हा त्याचा राग येत नाही. त्याला आतले काम दिसत नसते. पण रुग्णालय चालवणारेही याच समजुतीने पाळ्या लावतात, तेव्हा त्यात रुग्णाचा जीव अडकतो.

प्रसूतिकक्षातले उदाहरण घ्या. रक्तदाब वाढून गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला झटके आले की मॅग्नेशियम सल्फेट देतात. ‘दर चार तासांनी’ अशी ऑर्डर लिहून डॉक्टर पुढच्या सिझेरियनला गेलेले असतात. पुढचा डोस भरण्याआधी सिस्टर गुडघ्यावर हातोडीने ठोकून पाय उडतो का ते पाहते, श्वास मिनिटाला १६ च्या खाली गेलेले नाहीत ना ते मोजते आणि मागच्या चार तासांत निदान १०० मिलिलिटर लघवी झाली का ते पिशवीवर बघते. हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. ते अंगात साठले की आधी पायाचे उडणे थांबते, मग श्वास. या तिन्हींपैकी एक जरी चुकीचे दिसले, तर डोस थांबवायचा, उताऱ्याचे कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे आणि डॉक्टरांना बोलवायचे. कागदावर ‘द्या’ असे लिहिलेले असताना ‘आत्ता देणार नाही’ असे ठरवायला ज्ञान लागते आणि धीरही लागतो. याला हुकूम पाळणे कसे म्हणायचे?

जेवणाची ट्रॉली उशिरा येणार असेल तर इन्सुलिन कधी टोचायचे, हाही असाच प्रश्न. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात तर फसगत ठरलेली. तरुण बाईचे शरीर रक्तदाब बराच वेळ सावरून धरते, नाडी मात्र आधीच धावू लागते. केवळ ‘बीपी नॉर्मल’ लिहून पुढच्या खाटेकडे जाणारी आणि नाडी पाहून थबकणारी, या दोघींतला फरक त्या घरासाठी फार मोठा असतो.

काही डॉक्टर म्हणतील, अशाने आमच्या अधिकारात ढवळाढवळ होईल. हा आक्षेप मला पटत नाही. निदान डॉक्टरांचेच, पण बदल पहिल्यांदा दिसतो तो खाटेजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीला. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्याच संस्थेने २०१२ मध्ये धोक्याच्या खुणांना गुण देणारा तक्ता काढला आणि २०१७ मध्ये तो सुधारला. त्यात बेरीज ७ किंवा अधिक झाली की तातडीने वरिष्ठांना बोलवायचे. तिथे परिचारिकेला ‘सर, एकदा येऊन जाता का’ अशी विनवणी करावी लागत नाही, आकडाच बोलतो.

आपल्याकडे तर श्वास मोजायलाच वेळ नसतो. टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर वॉर्डभर ‘२०’ लिहिलेले दिसते, त्याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, असा आहे. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीवर सोपवल्यावर ती श्वास मोजणार की सलाईन बदलणार? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली.

परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला. नुसती नोंदणीची यंत्रणा बदलून भागणार नाही. कोणत्या खुणा दिसल्यावर सिस्टरने बोलवायचे, किती मिनिटांत डॉक्टरांनी यायचे आणि कोणी आले नाही तर तिने थेट कोणाला फोन करायचा, हे प्रत्येक रुग्णालयाने लेखी ठरवावे, खासगी नर्सिंग होमनेही. डोस थांबवला तर त्याचे कारण तिच्या हाताने केसपेपरवर यावे आणि सकाळच्या राउंडला ते वाचले जावे.

वाचकांनाही एक विनंती. सिस्टर रुग्णाची नाडी किंवा श्वास मोजत असेल तेव्हा तिला हाक मारू नका. आणि ‘इंजेक्शन अजून का दिले नाही’ असे विचारलेत, तर तिचे उत्तर पुरते ऐकून घ्या.

– एक निवृत्त नर्सिंग ट्यूटर, सातारा