सरासरीत हरवलेले पाडे

वर्गाची सरासरी ७५ टक्के आली की एचओडी खूश. मागच्या बाकावरचे चौघे नापास झालेत, हे त्या एका आकड्यात दिसतच नाही. महाराष्ट्रातल्या आया आणि बाळांच्या आरोग्याचं नेमकं हेच झालंय.

आकडे बघा. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू होत होते. महाराष्ट्रात ३३. आपल्यापुढे फक्त केरळ, १९ वर. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांप्रमाणे २०३० पर्यंत ७० च्या खाली यायचं होतं, ते आपण केव्हाच गाठलंय. टाळ्या वाजवायला हरकत नाही. फक्त ही पाहणी राज्याचा आकडा देते, तालुक्याचा नाही. त्यामुळे मेळघाटातलं धारणी-चिखलदरा, नंदुरबारचं अक्राणी-अक्कलकुवा, गडचिरोलीचं भामरागड-एटापल्ली, हे सगळे पुणे-ठाण्याच्या सरासरीत विरघळून जातात. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या १९९३ मध्ये गाजल्या, तेव्हा आजचे कॉलेजवाले जन्मलेही नव्हते. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, मंत्र्यांचे दौरे झाले. पावसाळा आला की बातमी मात्र अजूनही छापून येते.

असं का होतं? १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी ‘तीन उशीर’ नावाची मांडणी केली. दवाखान्यात जायचं हे ठरवायला उशीर, तिथे पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. जगभर आजही हीच मांडणी वापरतात, कारण ती साधी आहे आणि खरी आहे.

पोहोचण्याचा उशीर सगळ्यांना पटकन दिसतो. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. सातपुड्यातल्या कितीतरी पाड्यांवर आजही बाईला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. १०८ ला फोन लावा म्हणणं सोपं आहे, आधी रेंज तर हवी! त्यात आपले सरकारी निकष डोकी मोजतात. आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाटीवर ३० हजारांमागे. म्हणजे सवलत दिलीय, पण २० हजार माणसं किती डोंगरांवर विखुरलीत याचा हिशेब त्यात नाही.

पहिला उशीर मात्र शहरातल्या लोकांना कळतच नाही. ‘अंधश्रद्धा’ म्हटलं की विषय संपतो. भगताकडे नेणं, बाळाच्या पोटावर चटके देणं हे घडतं आणि ते भयंकरच आहे. पण त्या बाईच्या बाजूने जरा विचार करून बघा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं काही नातं नाही. दवाखान्यात तिची भाषा येणारं कुणी नाही, वर कुणीतरी खेकसतं. भगत निदान तिच्या भाषेत बोलतो. सरकारने ‘माहेरघर’ नावाची चांगली योजना काढली. बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. नावही गोड आहे. पण ऐन पेरणीत घरची दोन लहान पोरं, शेळ्या आणि बुडणारी मजुरी सोडून ती येणार कशी? याचं उत्तर नसेल तर खोली रिकामी राहते आणि अहवालात ‘प्रतिसाद कमी’ असं लिहिलं जातं.

मग सगळं निराशाजनकच आहे का? नाही. उत्तराचा एक मोठा भाग महाराष्ट्रातच सापडलाय, तोही गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. बाळ दवाखान्यात येत नाही ना, मग दवाखाना बाळाकडे न्यायचा. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊबदार ठेवणं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडल्यास इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू, जिथे प्रयोग केला नव्हता त्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ पासून ही पद्धत आशांमार्फत देशभर राबवली जाते. फक्त देशभर नेताना इंजेक्शनचा भाग आशांच्या हातात दिला गेला नाही.

आणि आशांना मिळतं काय? दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा घरभेटी, घरी झालं तर सात. या सगळ्याचे मिळून २५० रुपये. भेटीमागे जेमतेम चाळीस. एवढ्यात आपली एक कोल्ड कॉफीसुद्धा येत नाही. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशांनी मोठा संप केला, तेव्हा कुठे मानधन वाढलं. आई-बाळाला वाचवणारी अख्खी साखळी जिच्यावर उभी आहे, ती अजूनही ‘स्वयंसेविका’ आहे. कर्मचारी नाही!

तिसरा उशीर तर थेट कॉलेजपर्यंत येतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष ग्रामीण सेवा, नाहीतर दहा लाखांचा दंड. अनेकांसाठी ते वर्ष म्हणजे पीजीच्या अभ्यासात मोडलेली तंगडी. बिचारे चूकही नाहीत, कारण तिथे राहायला धड क्वार्टर नसतं आणि सिझेरियन करायचं तर भूलतज्ज्ञ नसतो. एकट्या डॉक्टरने तरी काय करावं? रक्तच उपलब्ध नसेल तर पांढऱ्याफटक पडलेल्या बाईला तो पुढे पाठवणारच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यातल्या गरोदर महिलांपैकी ४५.७ टक्के ॲनिमिक निघाल्या. पुन्हा तेच, ही सरासरी आहे.

आता गडचिरोली आणि अमरावतीला सरकारी मेडिकल कॉलेजं आलीत, नंदुरबारला आधीपासून आहे. तिथे शिकणाऱ्या पोरांना पहिल्या वर्षीच माडिया, कोरकू किंवा भिली शिकवायला सुरुवात केली, तर त्याला कुठलं नवं बजेट लागणार आहे? वॉर्डात आल्यावर ‘कुठे दुखतंय?’ एवढं तरी तिच्या भाषेत विचारता येईल.