शिखर राहू द्या, आधी दरी चाला

पावसाळा तोंडावर आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आमचा ग्रुप कळसूबाईला चाललाय. मी गेलो तर चालेल ना?" विचारणारा बहुधा पंचेचाळिशीच्या पुढचा असतो. बीपीची गोळी चालू असते, वजन आठ-दहा किलो जास्त असते आणि आठवडाभराचा व्यायाम म्हणजे पार्किंगपासून लिफ्टपर्यंतचे अंतर. या उत्साहावर पाणी टाकणे मला आवडत नाही. म्हणून माझे उत्तर असते: डोंगरात जरूर जा, पण यंदा शिखरावर नको. त्याच डोंगराजवळच्या प्रवरेच्या खोऱ्यात जा. पायी जा किंवा सायकलवर जा.

अकोले तालुक्यातील हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून संरक्षित आहे. क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि भंडारदऱ्याला १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणात अडते. या जलाशयाच्या कडेने शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा रस्ता जातो. वाटेत भातखाचरे, दाट झाडी, रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर आणि महादेव कोळी, ठाकर समाजाच्या वस्त्या लागतात. पूर्ण फेरी चाळीस किलोमीटरच्या आसपास भरते. सरावाच्या सायकलस्वाराला ती एका दिवसात जमते. बाकीच्यांनी पाच-सात किलोमीटरचा एखादा टप्पा निवडावा, चालत जावे आणि परत यावे.

शरीराला फरक कुठे पडतो?

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. या उंचीवर हवा विरळ झाल्यामुळे त्रास होत नाही. त्रास होतो तो सवय नसताना केलेल्या सलग चढाईचा. बरेच जण रात्रभर प्रवास करतात, झोप झालेली नसते, पोटात चहा-बिस्किटे असतात आणि पहाटे चढायला सुरुवात होते. अशा वेळी नाडी आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर असेल तर तो फाटून तिथे गुठळी होऊ शकते. एरवी बसून असणाऱ्या माणसाला जोरदार श्रमाच्या वेळी हार्ट अटॅकचा धोका काही काळ वाढतो. नियमित व्यायाम करणाऱ्यात ही वाढ खूपच कमी असते.

शिवाय चढाईत ग्रुपचा वेग तुमचा वेग ठरवतो. मागे पडलो तर चेष्टा होईल म्हणून छातीतल्या जडपणाला माणूस "अ‍ॅसिडिटी" म्हणतो आणि चढत राहतो. दरीतल्या रस्त्यावर तुम्ही कुठेही थांबू शकता, मागे फिरू शकता आणि गरज पडल्यास गाडी तुमच्यापर्यंत येऊ शकते. वैद्यकीय दृष्टीने हा फार मोठा फरक आहे.

गुडघ्यांचेही तसेच. दुखणाऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जास्त जाचते. सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीटवर असते, त्यामुळे अनेकांना ती जास्त सोसते. मात्र हा रस्ता सपाट आहे असे समजू नका, चढउतार आहेत. चढ जड वाटला तर उतरून सायकल हातात धरून चाला. त्यात कमीपणा नाही.

तयारी किती?

निघण्याआधी निदान सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटे भरभर चाला. म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे. शेवटच्या दोन-तीन रविवारी हा वेळ दीड तासापर्यंत न्या. वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य अर्धवट सुटत असेल तर वेग कमी करा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटाची गोळी घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच फारशी वाढत नाही. त्यांनी घड्याळातल्या आकड्यापेक्षा या बोलण्याच्या कसोटीवर विश्वास ठेवावा.

चालताना छातीत दडपण येते, धाप लागते, चक्कर येते, पूर्वी हृदयाचा त्रास झाला आहे किंवा मधुमेह बरीच वर्षे आहे, अशांनी आधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डोसबद्दल आधीच विचारावे, कारण श्रमानंतर कित्येक तासांनीही शुगर उतरू शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर हवीच. लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर पाणी आणि ओआरएस विसरू नका.

पावसात ओढ्याच्या किंवा खाचराच्या पाण्यात उघड्या जखमेने उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना सहलीबद्दल आवर्जून सांगा. सर्पदंश झाला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यातले काहीही करू नका. तो भाग हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्या. दरीत मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही. म्हणून जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि १०८ ला फोन कुठून लागेल, हे गावकऱ्यांना आधीच विचारून ठेवा.

नियम जाचक का वाटतात?

"पैसे भरून जंगलात जायचे आणि वर वेळेची बंधने!" अशी तक्रार मी ऐकतो. मला ही बंधने योग्य वाटतात. अंधार, धुके, निसरडी वाट आणि ओढ्याला अचानक आलेले पाणी यांपासून तीच तुम्हाला वाचवतात. स्थानिक वाटाड्या घेतलात तर गावातल्या एखाद्या घराला रोजगार मिळतो आणि तुमच्यासोबत ती दरी ओळखणारा माणूस असतो.

उलट मला नियम आणखी कडक हवे आहेत, पण गाड्यांसाठी. पावसाच्या आधी काजवे पाहायला इथे गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्यांचे चमकणे हे जोडीदाराला दिलेले संकेत असतात, ते हेडलाइटच्या झोतात हरवतात. माणसाच्या वाट्याला धूर, हॉर्न आणि तासन्तास गाडीत बसणे येते. गर्दीच्या काळात ठरावीक तास हा रस्ता बाहेरून येणाऱ्या खासगी गाड्यांना बंद ठेवावा आणि चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी मोकळा करावा. गावकऱ्यांची वाहने, एसटी आणि रुग्णवाहिका यांना अर्थातच मुभा हवी. हॉटेल आणि तंबूवाल्यांचे गिऱ्हाईक तुटेल, ही भीती मी समजू शकतो. पण पायी फिरणारा माणूस तिथे जास्त वेळ राहतो, जेवतो, मुक्काम करतो.

संरक्षित दरी फक्त तरुण ट्रेकरची किंवा गाडीवाल्याची नाही. पन्नाशीतल्या, साठीतल्या माणसालाही ती स्वतःच्या पायांनी पाहता यायला हवी. त्यासाठी रस्ता सुरक्षित करणे प्रशासनाचे काम, पाय तयार करणे तुमचे. उद्या सकाळी ३० मिनिटांपासून सुरुवात करा. आठ आठवड्यांनी दरीत जा. शिखराचे पुढच्या वर्षी, तुमची नाडी आणि गुडघे बघून ठरवू.