एच-इंडेक्स कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, आमच्या चाळीतला एक पोरगा इम्युनॉलॉजीत पीएचडी करतोय. बाप झाडूखात्यात, आई चार घरची धुणीभांडी करते, आणि हा पोरगा दिवसभर उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत बसतो. परवा रात्री कट्ट्यावर भेटला. तोंड उतरलेलं. म्हटलं, काय झालं रे? तर म्हणतो, "दादा, गाईड म्हणाले काम बरंय तुझं, पण तुझा एच-इंडेक्स दोन. दोनला कुत्रं विचारत नाही."

मी म्हटलं, ही काय नवी भानगड? ताप मोजतात तसलं काही?

त्यानं समजावून सांगितलं. तुम्हालाही सांगतो, कारण हे लोक असले शब्द मंत्रासारखे पुटपुटतात आणि आपण उगाच हात जोडून उभे राहतो. एका संशोधकानं आपल्या पेपरात दुसऱ्याच्या पेपरचा दाखला दिला की झालं सायटेशन. तुझे दहा पेपर असे निघाले की प्रत्येकाचा दाखला निदान दहा वेळा दिला गेलाय, तर तुझा एच-इंडेक्स दहा. बस्स, एवढंच. होर्हे हिर्श नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकानं २००५ साली हे माप काढलं. त्याच्या कितीतरी आधी फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्डनं १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला होता. कुठल्या पेपरचा धागा पुढे कुठे गेला हे शोधायची ती सोय. नियतकालिकांना लावायचा इम्पॅक्ट फॅक्टरही त्याच दुकानातला. पण नियतकालिकाच्या मापानं माणूस मोजू नका, हे खुद्द गारफिल्ड पुन्हापुन्हा सांगत होता. ऐकतो कोण! तराजू एकदा दुकानदाराच्या हातात गेला की तराजू बनवणाऱ्याला कोण विचारतं?

आपल्याकडे तर यूजीसीनं या तराजूवर सरकारी शिक्काच मारला. २०१८ च्या नियमावलीत स्वच्छ लिहिलं, नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर पेपरला ५ गुण आणि तो १० च्या वर असेल तर ३० गुण. पेपरात काय लिहिलंय याला गुण किती? ते नाही लिहिलं. म्हणजे माणूस काय बोलला ते सोडा, तो कुणाच्या ओसरीवर बसून बोलला ते सांगा. ही उतरंड आपल्या ओळखीची आहे, दोस्तांनो. फक्त मडक्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या लावल्यात.

आता त्याच फिलाडेल्फियातली गोष्ट. कातालिन कारिको. हंगेरीतल्या एका खाटकाची पोर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएवर डोकं फोडत बसलेली. ग्रँट मिळेना म्हणून १९९५ साली विद्यापीठानं तिला खालच्या पदावर ढकललं. ती हलली नाही. २००५ मध्ये, म्हणजे हिर्शसाहेबांचं माप बाजारात आलं त्याच वर्षी, तिनं आणि ड्र्यू वाइसमननं 'इम्युनिटी' या नियतकालिकात पेपर छापला. एमआरएनएतलं एक अक्षर जरासं बदललं, तर शरीराची पहारेकरी यंत्रणा त्याच्यावर चवताळून धावत नाही, हे त्यात दाखवलं. तेव्हा फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१३ मध्ये बाई विद्यापीठातलं काम सोडून जर्मनीच्या बायोएनटेक कंपनीत गेली. २०२० साली कोव्हिडनं जगाची पाचावर धारण बसली, तेव्हा त्याच पेपरवर उभ्या राहिलेल्या लशी दंडात गेल्या. २०२३ ला नोबेल. आज कॅन्सरच्या लशींचे प्रयोगही त्याच वाटेनं चाललेत. पेपर तोच, अक्षरं तीच, एक काना-मात्रा बदलली नाही. मग २००६ साली कुणी तिला एच-इंडेक्सवर तोललं असतं, तर त्यानं नेमकं काय तोललं असतं?

कुणी म्हणेल, बरं बाबा, चांगला माणूस कधीमधी मागे राहतो, पण ज्याची सायटेशनं हजारांनी आहेत तो तर खराच मोठा ना? थांबा. ह्युस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये काम केलेले भारत अगरवाल घ्या. माणूस लहान नव्हता. जेनेनटेक कंपनीत असताना ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर वेगळा काढण्याचं इम्युनॉलॉजीतलं पायाभूत काम त्यांनी केलं. पुढे ते हळदीकडे वळले, हळदीतल्या कुर्कुमिनकडे. पेपरांवर पेपर. जगातल्या सर्वाधिक दाखले मिळणाऱ्या संशोधकांत त्यांची गणती होऊ लागली. मग पेपरांतल्या चित्रांवर आणि आकड्यांवर प्रश्न उठले, चौकशी लागली. २०१६ मध्ये 'बायोकेमिकल फार्माकॉलॉजी'नं त्यांचे सात पेपर एका दमात मागे घेतले. आजवर मागे घेतलेल्यांची संख्या वीसच्या वर आहे. आणि २०१७ साली काही रसायनशास्त्रज्ञांनी कुर्कुमिनचं सगळं बाड तपासलं. शंभरावर चाचण्या माणसांवर झालेल्या, पण कडक कसोटीची एकही यशस्वी नाही. शरीरात हा पदार्थ टिकतच नाही, असं त्यांनी लिहिलं.

पण पेपर मागे घेतला म्हणून त्याचं सायटेशन मागे जातं काय? अजिबात नाही. मेलेल्या पेपरांचे दाखले देणारे आजही देतात, बेरीज वाढते. आणि ती बेरीज कुठवर झिरपते ते मी आमच्याच घरात पाहिलंय.

माझा मामा गिरणीतला माणूस. गिरण्या गेल्या, तंबाखू राहिली. २०१९ मध्ये गालाच्या आत गाठ आली. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणायचा, "बघू रं, जाईल." तेवढ्यात कुणीतरी हळदीच्या गोळ्या आणून दिल्या. डब्याबरोबर गुळगुळीत कागद, त्यावर छापलेलं, हजारो शोधनिबंधांनी सिद्ध. मामानं तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला. मामीला दाखवायचा, "हे बघ, शिकलेल्या लोकांनी लिवलंय." चार महिने गोळ्या खाल्ल्या. चार महिने! मग जबडा उघडेना तेव्हा नेला. वर्ष नाही काढलं.

मी हळदीला शिव्या देत नाही. कालवणात घालतो. त्या कागदावर जो 'हजारो' शब्द होता त्याला देतोय. त्या शब्दाचं वजन मामाला कळत होतं, पण त्यात काय भरलंय ते कळायची सोय त्याच्याकडे नव्हती. आणि खरं सांगू, ती सोय निवड समितीत बसलेल्या प्रोफेसरकडेही नाही. तोही हजारोच वाचतो. फरक एवढाच, की प्रोफेसरच्या चुकीनं एखाद्याची नोकरी जाते.

आता दुसरं काम बघा. परळच्या टाटा हॉस्पिटलातलं, २०२२ साली छापलेलं. डोकं-मान-तोंडाचा कॅन्सर, म्हणजे आपल्या तंबाखू-गुटख्याचा. इम्युनोथेरपीचं एक औषध आहे, निवोलुमॅब. आपल्या पांढऱ्या पेशींना पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, जपानच्या तासुकू होंजोच्या लोकांनी १९९२ मध्ये शोधलेला. कॅन्सर तो ब्रेक दाबून ठेवतो. औषध कॅन्सरचा तो पाय ब्रेकवर पोचू देत नाही. २०१८ चं नोबेल या असल्याच कामाला. पण नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, आणि किंमत अशी की आपल्या देशात शंभरातल्या दोनतीन पेशंटांच्यापलीकडे ती तेव्हा कुणाला झेपत नव्हती. टाटाच्या डॉक्टरांनी साधा सवाल केला, एवढं लागतं तरी काय? १५१ पेशंट घेतले. सगळ्यांना स्वस्तातल्या तोंडी गोळ्या, आणि निम्म्यांना त्याबरोबर फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के. थेंबभर औषध मिळालेले ४३.४ टक्के.

हा सवाल औषध विकणारी कंपनी विचारेल असं वाटतं तुम्हाला? कमी विकून जास्त जगतात, हे शोधायला कुठला सावकार पैसे घालेल? हा सवाल परळच्या फुटपाथवर झोपणारे पेशंट रोज बघणाऱ्या माणसालाच सुचतो. आणि या पेपरचे दाखले किती, यापेक्षा माझा सवाल वेगळाय. नांदेडहून, जळगावहून आलेला पेशंट दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरतो, त्याला हा डोस मिळाला का? त्याची फाईल कुणी भरून दिली, लाईनीत त्याच्यासाठी कोण उभं राहिलं, आतड्यात नळी घालताना त्याचा हात कुणी धरला? कॅन्सरचा आधार म्हणतात तो हाच. त्याला कुठल्याच इंडेक्सात खाना नाही.

खाना नसलेल्यांत एक नाव तर डोंगराएवढं आहे. हेन्रिएटा लॅक्स. काळी बाई, तंबाखूच्या शेतात राबलेली. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काळ्यांच्या वेगळ्या वॉर्डात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३१ व्या वर्षी मेली. तिला न विचारता तिच्या गाठीतल्या पेशी काढून घेतल्या. त्या पेशी आजतागायत वाढतायत, जगभरच्या प्रयोगशाळांत. २०१८ पर्यंत त्या पेशींचा उल्लेख असलेले पेपर १ लाख १० हजारांच्या वर गेले होते. कुठल्या साहेबाचा आहे एवढा पसारा? आणि तिच्या वारसांना थर्मो फिशर कंपनीशी तडजोड करायला २०२३ साल उजाडावं लागलं. तिचा एच-इंडेक्स शून्य.

पोराला मी हे सगळं कट्ट्यावरच सांगितलं. तो हुशार आहे, लगेच म्हणाला, "दादा, बोलायला ठीक आहे, पण इंटरव्ह्यूत आकडाच विचारणार." खरंय. त्याला मी आकड्याकडे पाठ फिरव म्हणणार नाही. घर त्याच्या स्कॉलरशिपवर चालतं, उपाशीपोटी बंड करायला सांगणारे पुढारी मी पुष्कळ पाहिलेत. त्यानं पेपर छापावेत, जिथं जमेल तिथं छापावेत. पण समितीनं आकडा विचारला की त्यानं एकच उलटा सवाल टाकावा, साहेब, आपण माझा पेपर वाचलात का? आणि त्या खोलीबाहेर आपण पाचपन्नास जण उभे असू, हे समितीला ठाऊक असावं. नेमणुकीत माणसावर नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर लादू नका, हे जगभरच्या संशोधकांनी २०१३ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्यात लिहून सह्या केल्यात. आपण काही आभाळातलं मागत नाही.

उठताना त्यानं मामाची फाईल मागितली. म्हणाला, बघायचीय. दुसऱ्या दिवशी मामीकडून आणून दिली. आत बायोप्सीचा रिपोर्ट आहे, त्यावर तारीख आहे. त्याच्या मागे तो गुळगुळीत कागद, चार घड्या पडलेला, आणि त्यावर मामानं पेनानं लिहिलेली गोळ्या सुरू केल्याची तारीख.