चहा कोणी करायचा?

दिवाळीत पहिल्यांदाच ‘ती’ला श्रीगोंद्याला घरी घेऊन गेलो. ऑफिसातली मैत्रीण म्हणून ओळख करून दिली, पण आईने काय ते ओळखलंच!

आता गंमत बघा. पुण्यात शनिवार सकाळचा चहा मीच करतो. आलं ठेचून वगैरे. घरी मात्र ओट्यापाशी आई आणि ती, आणि मी आप्पांबरोबर ओसरीवर उसाच्या भावावर गप्पा ठोकतोय. चहा आला, प्यायलो, कप खाली ठेवला. तो तिने उचलला.

परत येताना काष्टी गेलं, दौंड गेलं, ही गप्पच. मग एवढंच म्हणाली, "तिथे का नाही उठलास?"

गाव आहे, लोक काय म्हणतील, एका दिवसाचा तर प्रश्न... उत्तरं तयार होती. पण मला ‘सैराट’ (२०१६) आठवला. आमच्या शेजारचा कर्जत तालुका ओलांडला की करमाळा, तिथलाच हा सिनेमा. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी आर्ची सगळ्यांच्या लक्षात राहिली. शेवट तर कुणीच विसरत नाही. मला मात्र मधला हैदराबादचा भाग टोचतो. तिथे ना पाटील, ना भावकी. तरी तोच प्रेमवेडा परश्या तिच्यावर संशय घेतो आणि हात उचलतो. गाव मागे राहिलं, ‘पुरुष’ मात्र बरोबर आला!

आपलं तरी काय वेगळं? आपल्याला वाटतं, पुण्यात आलो, सुटलो. ते डीफॉल्ट सेटिंग असतं राव, नुसतं शहर बदलून जात नाही.

आणि हे ओझं फक्त तिच्यावर नाही. गेल्या वर्षी मी दोन महिने बेंचवर होतो. तिला सांगितलंच नाही. हॉटेलची बिलं क्रेडिट कार्डावर भरत राहिलो, कारण बिल मुलाने द्यायचं असतं ना! कळल्यावर ती जाम भडकली. पैशांवरून नाही, लपवल्यावरून. नंतर स्वतःच म्हणाली, "तू बिल देतोस ते मलाही आवडायचं रे." म्हणजे नियम दोघांनीही पाठ केलेले. तिने न सांगता कप उचलायचा, मी न सांगता पैसे भरायचे, आणि ‘न सांगता’ यालाच आपण प्रेम समजायचं. मला तरी वाटतं, तिथेच प्रेम कमी व्हायला लागतं.

असो. संक्रांतीला परत जातोय, चहा मी करणार. पण एक मेख आहे. मी उठलो की शेजारपाजारचे म्हणणार, "लग्नाआधीच पोराला कामाला लावलं हिनं!" म्हणजे कप मी धुवायचे आणि बोल तिने खायचे.

म्हणून नुसतं उठून भागणार नाही. आप्पांसमोर तोंडाने सांगावं लागेल, "पुण्यात रोज मीच करतो."

साधं वाक्य आहे. पण खरं सांगू? प्रपोज करताना एवढी धडधड झाली नव्हती.