दुसरी मांड



या वेळी कळवणच्या एका ताईंचे पत्र घेतो. चार पाने आहेत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. ताई कांद्याच्या चाळीवर रोजंदारीने जातात. त्यांचा भाऊ लग्नाच्या वरातीसाठी दोन घोड्या बाळगून आहे आणि ताईंचा मुलगा दहाव्या वर्षापासून मामाच्या त्या घोड्यांवर बसत आला. खोगीर असो नसो, गोणपाटाची घडी टाकायची आणि नदीच्या काठाने घोडी पळवायची. आता तो नाशिकला कॉलेजात आहे. रविवारी सकाळी एका रायडिंग क्लासला जातो. फी परवडत नाही म्हणून तबेला झाडतो, चारा-पाणी करतो, त्या बदल्यात तासभर बसायला मिळते.

तीन महिने झाले. शिकवणारे म्हणतात, तुला मुळात बसताच येत नाही. ज्या मुलांनी गेल्या दिवाळीपर्यंत घोड्याला हात लावला नव्हता ती नीट बसतात आणि हा चेंडूसारखा उडतो. कुणीतरी त्याला "वरातवाला" म्हणाले. आता पोरगा म्हणतो, आई, मला नाही जायचे. वडील म्हणतात, बरे झाले, अभ्यास कर. ताई विचारतात, "भाऊ, आठ-नऊ वर्षांचे शिकलेले खोटे कसे होईल?"

ताई, ते खोटे होत नाही. मी लष्कराच्या घोडेखात्यात नोकरी केली आहे. गावाकडून घोड्यावर बसायला शिकून आलेले कितीतरी जवान पहिल्या महिन्यात असेच रडकुंडीला आलेले मी पाहिले. सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होई. कोऱ्या पाटीवर लिहिणे सोपे. लिहिलेल्या पाटीवर दुसरी लिपी लिहायची तर हात अडखळतो.

नेमके काय होते ते सांगतो, म्हणजे घरातल्यांनाही पोराचे दुखणे कळेल. आपल्याकडची वरातीची घोडी बहुधा मारवाडी, काठेवाडी किंवा त्यांच्या मिश्र वाणाची. या जातींच्या कितीतरी घोड्यांना रवाल चाल येते. त्या चालीत एका बाजूचे मागचे-पुढचे पाय जवळजवळ जोडीने पडतात, पाठ हादरत नाही, आणि स्वार पाळण्यात बसल्यासारखा बसून राहतो. क्लासमधला घोडा चालतो दुडकी. तिच्यात समोरासमोरचे नव्हे, तर तिरपे पाय जोडीने पडतात, उजवा पुढचा आणि डावा मागचा, मग उलट. दोन जोड्यांच्या मध्ये घोडा क्षणभर अधांतरी असतो. तो झटका स्वाराच्या कमरेत येतो. म्हणून तिथे एका ठोक्याला उठायचे आणि दुसऱ्याला बसायचे शिकवतात. ज्याने जन्मात रवाल चालीशिवाय काही पाहिले नाही तो उठणार कसा? तो घट्ट बसू पाहतो, गुडघ्यांनी घोडा आवळतो, आणि जितका आवळतो तितका वर उडतो.

हाताचेही तेच. आपल्याकडे लगाम एका हातात, हात उंच. तिथे दोन हात, खाली, आणि घोड्याच्या तोंडाशी हलका सततचा संबंध. पाय आपल्याकडे पुढे सुटलेला, तिथे खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत. सगळ्यात घोटाळा होतो तो इशाऱ्यांचा. वरातीच्या घोडीला टाच लागली की ती जागच्या जागी नाचते, कारण तिला तसे शिकवलेले असते. क्लासच्या घोड्याला तीच टाच म्हणजे पुढे चल. पोरगा टाच मारतो आणि घोडा सुटतो. पोराला वाटते घोडा वाईट, शिकवणाऱ्याला वाटते पोरगा अडाणी. खरे तर दोघे दोन भाषा बोलताहेत.

मग पहिल्या शिक्षणाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. पोराला भीती नाही. घोड्याचे कान मागे गेले की काय होणार, हे त्याला पुस्तकाशिवाय कळते. तोल त्याच्या अंगात मुरलेला आहे. नव्या मुलांना हे मिळवायला वर्षे लागतात. फक्त तोल धरण्याची जागा बदलायची आहे, गुडघ्यातून काढून कमरेत आणि टाचेत न्यायची आहे. शिकवणाऱ्यांना सांगा की महिनाभर याला लांब दोरीवर गोल फिरवा, रिकिबीशिवाय आणि लगाम हाती न देता. आवळायला काही उरले नाही की अंग आपोआप सैल होते. मांड्या दुखतील, चालताना लोक हसतील. दुखू द्या, हसू द्या.

आणि ज्या बैठकीला तिथे "बरोबर" म्हणतात, तीही काही वेदात सांगितलेली नाही! युरोपातले स्वार शेकडो वर्षे अडथळ्यावरून उडी मारताना अंग मागे टाकीत असत. इटलीच्या घोडदळातल्या फेडेरिको काप्रिली नावाच्या अधिकाऱ्याने १९०० च्या आसपास दाखवून दिले की अंग पुढे घेतले, हात मोकळे सोडले, तर घोडा अधिक सुखाने उडी मारतो. आधी त्याला विरोध झाला, मग जगभरच्या फौजांनी आपली जुनी बैठक मोडून ही दुसरी शिकून घेतली. मोठमोठ्या मिशांचे सरदार चाळिशीत पुन्हा शिकाऊ झाले. मग अठरा वर्षांच्या पोराला लाज कसली?

आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत रूपिंदरसिंग ब्रार यांनी नेझाबाजीत सुवर्णपदक मिळवले. भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलण्याचा हा आपल्याकडच्या घोडदळांत रुळलेला खेळ. त्याच खेळांत ६१ व्या घोडदळाच्या रघुबीरसिंग यांनी इव्हेंटिंग या पाश्चात्त्य प्रकारात वैयक्तिक सुवर्ण घेतले. या प्रकारात एकाच स्वाराला त्याच घोड्यावर तीन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात: शिस्तबद्ध चाली, रानातली दौड आणि अडथळ्यांच्या उड्या. दर परीक्षेला बैठक बदलते. त्यानंतर भारताला घोडेस्वारीतले सुवर्ण मिळाले ते थेट २०२३ मध्ये, हांगझोऊला, ड्रेसाज या प्रकारात. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. ही मुले युरोपात राहून शिकली. तेवढा पैसा आपल्या वस्तीत कुणाकडे नाही, हे मान्य. पण तबेला झाडून शिकणारा पोरगा तेच कसब शिकतो आहे.

तथागतांनी भद्दालि सुत्तात शिंगराचा दाखला दिला आहे. कुशल शिकवणारा त्याला आधी लगामाची सवय लावतो. शिंगरू अंग वेडेवाकडे करते, तडफडते, कारण पूर्वी कधी न केलेले काम त्याला करावे लागते. पुन्हा पुन्हा केल्याने, क्रमाक्रमाने ते शांत होते. मग त्याच्यावर साज चढवायचा, मग ते पुन्हा वळवळते आणि पुन्हा शांत होते. असे टप्प्याटप्प्याने पुढे चालू. पहिला टप्पा पार केलेले शिंगरू दुसऱ्या टप्प्याला वळवळले म्हणून त्याला कुणी नालायक ठरवीत नाही. ताई, हे सुत्त पोराला वाचून दाखवा. वडिलांनाही.

आता त्या "वरातवाला" शब्दाविषयी. तो मला खटकला तो वेगळ्या कारणाने. आपल्या माणसाने घोड्यावर बसणे हे या देशात अजून काहींच्या डोळ्यांत खुपते. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावी मार्च २०१८ मध्ये एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा पाळतो, घोड्यावर फिरतो म्हणून त्याला धमक्या येत होत्या, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या तर आपण दर लग्नसराईत वाचतो. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली ते येवला आपल्याच जिल्ह्यात, आणि येवल्याचा मंगळवारचा घोडेबाजारही जुना. आमच्या लहानपणी त्या बाजारात आमची माणसे असत ती घोडे धरायला. ताईंचे भाऊ घोड्यांचे मालक आहेत. ही केवढी वाटचाल! वरातवाल्याचा भाचा म्हणवून घेण्यात कमीपणा नाही. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाला रात्री चोरून घराबाहेर पाठवलेले नाही. तो सर्वांना सांगून, कंथकावर बसून निघाला आहे.

वडिलांची काळजीही रास्त आहे. अभ्यास मोडून घोडा नको. पण आठवड्याचा एक तास अभ्यास मोडत नाही. हैदराबादच्या पोलीस अकादमीत आय.पी.एस. झालेल्यांनाही घोड्यावर बसायला शिकावे लागते. एन.सी.सी.मध्ये अश्वदळाची शाखा असते, ती काही पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहे. बारावीला विज्ञान असेल तर त्या वाटेचीही चौकशी करा.

दोन-तीन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. निदान तीन महिने दोन्ही बैठकींची सरमिसळ नको. सुट्टीत गावी आला तर मामाच्या घोडीवर जुन्याच पद्धतीने बसू दे. नवा हात तिच्यावर चालवू नये, ती गोंधळेल आणि उलटेल. नवी बैठक अंगात बसली की मग दोन्हींत खुशाल ये-जा करावी, तेव्हा दोन्ही सुधारतात. दुसरे, क्लासला डोक्यावर हेल्मेट आणि हनुवटीखाली पट्टा बांधलेला हवाच. आणि तिसरे मामांसाठी. घोडीच्या तोंडात काटेरी लगाम असेल तर तो काढून टाका. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काट्याचा लगाम वापरायला मनाई आहे. जीभ सोलवटलेली घोडी वेदनेने नाचते आणि लोकांना वाटते वाजंत्रीवर नाचते. साधी गुळगुळीत कडी घालून तिला पुन्हा शिकवायला महिना-दोन महिने लागतील. त्या कामाला भाचा उपयोगी पडेल, कारण हलका हात तो क्लासमध्ये शिकतोच आहे.

पुढच्या अंकात शिष्यवृत्तीविषयीची दोन पत्रे घेऊ.